मुळशी धरणात गेलेल्या गावाचा माग कसा काढायचा?

रानजाई:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आमचं घराणं मूळचं मुळशी खोऱ्यातलं. गाव धरणात गेलं, पणजोबा बायकापोरांना घेऊन मुंबईला आले नि गिरणीत लागले, घरात सगळ्यांना माहीत असलेला इतिहास एवढाच. त्याच्या मागचं विचारलं की प्रत्येकजण वेगळंच सांगतो. मोठी आत्या म्हणते घर नदीच्या अलीकडं होतं आणि देवीचं ठाणं पलीकडं, पावसाळ्यात पाणी उतरेस्तोवर देवीला जाता यायचं नाही. पण गावाचं नाव विचारलं की ती एकदा एक सांगते, एकदा दुसरं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून नुसतं "मुळशी" आहे, आता ते मुळशी गाव की अख्खा मुळशी पेटा (म्हणजे तालुक्यासारखा भाग) हे लिहिणाऱ्या मास्तरांनाच ठाऊक.

नेटवर शोधलं तर कोरीगड, घनगड, ताम्हिणीचे धबधबे, पावसाळ्यात कुठं राहायचं, भजी कुठं चांगली मिळते हे सगळं मिळतं. धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाबद्दलही मिळतं, पण त्यात सेनापती बापट आणि बाकीचे पुढारी. तिथं राहणारी माणसं कोण होती, काय खात होती, नंतर कुठं पांगली यावर जवळपास काहीच नाही. तर आमचं गाव नक्की कुठलं हे कुठल्या कागदात सापडेल? कुणी असा शोध घेतलाय का? आडनाव इथं लिहीत नाही, पण मावळात ढिगानं सापडणारं आहे त्यामुळे त्यावरून फार काही हाती लागेल असं वाटत नाही.

जुनाकागद:

ताई, कागद आहेत, पण तुम्ही जिथं शोधाल असं मला वाटतंय तिथं नाहीत. सविस्तर लिहितो.

आधी काळ पक्का करा, म्हणजे कुठल्या वर्षातला कागद मागायचा ते कळेल. पश्चिम घाटातली ही विजेची धरणं एकामागोमाग झाली. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, त्याला पाणी लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या तलावांचं. मग आंध्रा खोऱ्यातलं ठोकरवाडी धरण आणि खाली भिवपुरीचं वीजघर, ते १९२२ चं. आणि तिसरं मुळशीचं, मुळा आणि निळा नदीच्या संगमापाशी, त्यासाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ साली उभी राहिली. ही वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला हवी होती. जमिनीचं संपादन व्हायच्या आधीच शेतांमधून चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली आणि तिथनं लोक बिथरले. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. हजारावर माणसं, बाया धरून, कामाच्या जागेवर जाऊन बसली आणि काम थांबलं. मग सहा महिने काम बंद ठेवायचं कंपनीनं मान्य केलं आणि मुदत संपल्यावर परत चालू. पुढं अटका, तुरुंग, परत अटका, असं करत १९२४ पर्यंत रेटलं लोकांनी. मुळशीच्या पाण्यावरचं, घाटाखालचं भिऱ्याचं वीजघर सुरू झालं १९२७ ला. म्हणजे तुमच्या पणजोबांनी गाव सोडलं ते ह्या पाच-सहा वर्षांच्या पट्ट्यातच धरून चाला.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक जातात आणि जुन्या सातबाऱ्यात किंवा फेरफारात आपलं आडनाव शोधतात, सापडत नाही, मग म्हणतात रेकॉर्ड जळलं. रेकॉर्ड जळलेलं नसतं. त्या काळात मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या आणि त्यातले बरेच सावकार पुण्याचे. जमीन कसणारा जुना शेतकरीच, खळं तेच, बांध त्यानंच घातलेला, पण कागदावर तो कूळ. आणि कुळाला तेव्हा कायद्यानं काहीच धरायला नव्हतं, कूळकायदा १९४८ चा, आणि कसेल त्याची जमीन हा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन तर त्याच्याही पुढचा. त्यामुळं नुकसानभरपाई आली ती खातेदाराच्या हातात. सत्याग्रहात फूट पडली त्याचं एक मोठं कारण हेच, ज्याच्या नावावर जमीन त्याला भाव वाढवून मिळाला तर हवाच होता, आणि जो कसत होता त्याची मागणी "जान किंवा जमीन" होती. दोघं एकाच बाजूला बसलेले दिसतात पण मागत होते वेगळंच.

तेव्हा तुम्ही शोधायचा तो संपादनाचा निवाडा, म्हणजे जमीन घेताना भरपाई ठरवली तो कागद. गाववार असतो. त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र एकर-गुंठ्यात, आकार म्हणजे सारा रुपये-आणे-पैत, खातेदार कोण, आणि झाडं-घरं-विहिरी असल्या तर त्यांची किंमत वेगळी धरलेली. घराची नोंद नीट बघा! जमीन सावकाराची असली तरी राहतं घर कुळाचं असू शकतं, आणि तुमच्या पणजोबांचं नाव सापडलं तर तिथंच सापडेल, एखाद्या गवती छपराच्या घराची किंवा दोन आंब्यांची किंमत म्हणून.

दुसरा कागद म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची गावनिहाय नोंद, लोक कोतवाल बुक म्हणतात ते. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या गडबडीत तालुक्यांच्या अभिलेख कक्षातली ही बुकं पुष्कळ ठिकाणी बाहेर निघाली, स्कॅनही झाली. आजोबांचा जन्म गाव उठायच्या आधीचा असेल तर एका ओळीत बापाचं नाव, जात, गाव सगळं मिळतं. मात्र मोडीत असणार, तेव्हा वाचणारा माणूस आधी गाठा. ह्या बुकांतली मोडी म्हणजे बोरू न उचलता ओळच्या ओळ ओढलेली, त्यात काना कुठला नि वेलांटी कुठली हे शिकलेल्यालासुद्धा दोनदा बघावं लागतं.

गडवाट:

वरची माहिती छान आहे पण एक सांगू का, मावळचा इतिहास सुरू करायचा तर १९२१ पासून कशाला? खोऱ्याखोऱ्याचे देशमुख होते, पौड खोऱ्यात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर, बाजी पासलकर ह्याच मातीतले. वतनाचे महजर, निवाडे, पेशवे दफ्तरातले कागद एवढे आहेत की आयुष्य पुरायचं नाही. ताईंनी आडनावावरून मूळ वतनाचं खोरं शोधलं तर गाव आपोआप सापडेल. भारत इतिहास संशोधक मंडळात पण चौकशी करा, १९१० पासूनची संस्था आहे, मावळातल्या घराण्यांचे कागद तिथं खूप जमा झालेत.

जुनाकागद:

गडवाट भाऊ, मंडळात जावंच, त्याबद्दल वाद नाही. पण वतनाचा कागद वतनदाराचा असतो. पाटील कोण, कुलकर्णी कोण, होळीचा मान कुणाचा, पहिली पोळी कुणाची, ह्यावरून भांडणं झाली म्हणून ते कागद झाले. ज्याच्याकडं भांडायला मान नव्हता तो त्यात साक्षीदार म्हणूनसुद्धा येत नाही कधीकधी. आणि आडनावावरून गाव सापडत असतं तर काय हवं होतं, एकेक आडनाव सगळ्या मावळभर पसरलंय. १९२१ पासून सुरू करायचं कारण सोपं आहे, सरकारनं त्या खोऱ्यातल्या घरनघराची मोजदाद केली ती तेव्हाच, आणि ती केली कारण ती घरं बुडवायची होती.

गडवाट:

हे मान्य. पण देशमुखी कागद अगदीच टाकाऊ असल्यासारखं बोलू नका राव, गावांची जुनी नावं तिथंच मिळतात.

पौडकर_पाटील:

आम्ही पौडचे, त्यामुळं हे सगळं ऐकत मोठे झालो. थोडं जमिनीवरचं सांगतो.

पयली गोष्ट, "गाव बुडालं" म्हणजे गाव संपलं असं समजू नका. ५२ गावं म्हणतात, पण त्यातली कितीतरी गावं पाणी चढायला लागल्यावर वर डोंगराच्या उतारावर सरकली आणि तेच नाव घेऊन बसली. भातखाचरं गेली, चांगली आंबेमोहोराची काळी जमीन होती ती खाली तळाला, वर उरला मुरूम नि कातळ, तिथं नाचणी-वरई करून दिवस काढले लोकांनी. पण देव वर आणले, भावकी वर आली, जत्रा चालू राहिली. आज तलावाच्या कडेनं फिरलात तर जी गावं दिसतात ती बरीचशी अशीच उचलून वर आलेली. घराखालची जमीन अजून नावावर नाही, गावठाणाचा प्रश्न अजून लोंबकळतोय अशीही गावं आहेत त्यात, म्हणजे हा काही फक्त आजोबा-पणजोबांचा विषय नाही. तेव्हा ताई, तुमच्या घरची माणसं मुंबईला गेली तरी भावकीतली एखादी शाखा वर राहिलेली असणार असं माझं मत.

आता ती शाखा शोधायची कशी तर सोयरिकीवरून. कागद नंतर. आत्याला असं विचारा की लग्नात मुंडावळ्या कुठल्या गावच्या मामानं आणल्या, पणजीचं माहेर कुठलं, दहाव्याला कुठनं माणसं आली होती. म्हाताऱ्या बायका गावाचं नाव विसरतात पण माहेराची नावं विसरत नाहीत. पणजीचं माहेर कळलं की त्या गावात जाऊन कुणाही म्हाताऱ्याला विचारा, आपली पोर कुठं दिली होती ते तो सांगतो, नाहीतर सांगणाऱ्याकडं पाठवतो.

आणि जत्रेला या. कागदबिगद काही नको, देवळात बसा आणि सांगा आम्ही अमक्याचे, मुंबईला असतो. मानाचा नारळ कुठल्या भावकीचा, पालखी कुठल्या वाटेनं फिरते, हे ऐकलं की कोण कुठून वर आलं ते कळतं. जेवल्याशिवाय सोडणार नाहीत ते वेगळं.

बाकी आमच्या तालुक्याचं एक विचित्रच आहे. ह्या टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क, बावधन-सूस-म्हाळुंगे तर २०२१ ला महापालिकेतच गेली, मध्ये लवासा, आणि त्या टोकाला अशी गावं. तालुका एकच, सातबाराही त्याच तहसीलचा.

कुंडलिकाकाठ:

मी घाटाखालचा, रोह्याकडचा. ह्या धाग्यात आमचं पण नातं लागतं म्हणून लिहितोय. मुळशीचं पाणी पुण्याकडं न जाता बोगद्यातनं पश्चिमेला येतं आणि सह्याद्रीच्या कड्यावरनं पाइपातून खाली भिऱ्याच्या टर्बाइनवर पडतं. वीज झाली की तेच पाणी कुंडलिकेत. म्हणून आमची नदी मे महिन्यातसुद्धा वाहती असते आणि कोलाडला लोक राफ्टिंग करतात ते याच सोडलेल्या पाण्यावर, सकाळी वीजघरातनं पाणी सुटलं तर राफ्ट चालणार, नाहीतर नाही. मुळेचं पाणी खरं तर भीमेतनं बंगालच्या उपसागराला जायचं, ते आता अरबी समुद्राला जातं. कोलाडला हेल्मेट घालून ओरडणाऱ्या पोरांना हे पाणी कुणाच्या खाचरावरनं येतंय ते माहीत नसतं, असो.

पण ताईंसाठी कामाची गोष्ट वेगळी. घाटावरची आणि खालची सोयरिक जुनी आहे. आता ताम्हिणीचा रस्ता आहे म्हणून लांबचं वाटतं, पण पूर्वी पायवाटा होत्या, तेलबैलाकडनं सवाष्णी घाटानं पालीच्या अंगाला उतरता यायचं, अशा बऱ्याच वाटा. मीठ नि सुकी मासळी वर जायची, वरनं तांदूळ, तूप खाली यायचं. धरणाच्या वेळी सगळे मुंबईला गेले असं नाही, काही घरं खाली नातेवाइकांच्या आश्रयाला पण उतरली. आमच्या शेजारच्या वाडीत दोन घरं अजून "वरची" म्हणूनच ओळखली जातात. तेव्हा शोध फक्त पुणे जिल्ह्यात ठेवू नका.

रानजाई:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पौडकर दादा, तुम्ही सांगितलंत तसं आत्याला फोन करून माहेराबद्दल विचारलं आणि ती जी सुरू झाली! पणजीचं माहेर घाटाखालचं निघालं, पालीच्या बाजूचं. गावाचं नाव तिनं एका दमात सांगितलं, भावांची नावंसुद्धा. कुंडलिकाकाठ, तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवली तर म्हणाली, पणजी माहेरी चालत जायची, डोक्यावर गाठोडं नि कडेवर पोर, उतरायला सोपं नि चढताना रडू यायचं.

शिवाय सासरच्या गावाची जी दोन नावं ती आलटून पालटून सांगायची, ती दोन्ही खरी असू शकतात का? म्हणजे एक गावाचं आणि एक वाडीचं असं काही? आणि अजून एक, आत्या म्हणते पणजोबा सत्याग्रहात जेलला गेले होते. घरोघरी असंच सांगतात म्हणून मी फार मनावर घेतलं नाही, पण तपासायचं तर कसं?

जुनाकागद:

दोन नावं असणारच, महसुली गाव एक आणि त्याखाली वाड्या तीन-चार. निवाडा निघतो महसुली गावाच्या नावानं, माणसं सांगतात वाडीचं नाव. दोन्ही नावं घेऊन जुना टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-वस्त्या दाखवणारा नकाशा बघा, सर्व्हे ऑफ इंडियाचा, ४७ एफ ह्या पट्ट्यात तो भाग येतो. धरणाच्या आधीच्या मोजणीचा नकाशा मिळाला तर उत्तम, त्यावर नदी, वाड्या, देवळं, पायवाटा सगळं तळ्याखाली जायच्या आधीचं आहे. नदीच्या एका काठाला वस्ती आणि समोरच्या काठाला देऊळ अशा जागा कितीशा असतील, हाताच्या बोटांवर. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे तीन भाग आहेत, नेटवर फुकट मिळतात, खोऱ्यांची, पिकांची, सावकारीची माहिती भरपूर, तुमच्या घरचं नाव मात्र त्यात शोधू नका.

जेलचं म्हणाल तर ते खरं असायची शक्यता बरीच आहे. ह्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांत फक्त पुण्याचे पुढारी नव्हते, मावळे होते, बाया होत्या. सुरुवातीला विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरले, मग बापट आले, ते मूळचे पारनेरचे, "सेनापती" ही पदवी त्यांना मुळशीतच मिळाली. गांधीजींनी १९२१ च्या एप्रिलमध्येच यंग इंडियात ह्यावर लिहिलं, टाटांनी कायद्यावर बोट न ठेवता लोकांशी बोलावं असा त्यांचा रोख होता. शेवटी शेवटी बापटांनी अहिंसा बाजूला ठेवून रेल्वे अडवली आणि सात वर्षं शिक्षा भोगली. पुढाऱ्यांचं हे सगळं छापलेलं आहे. साध्या माणसांसाठी त्या वर्षांतली केसरी आणि ज्ञानप्रकाश ही वर्तमानपत्रं चाळा, अटकेच्या बातम्यांत नाव आणि गाव दोन्ही यायची शक्यता असते. मायक्रोफिल्मवर बसून डोळे दुखतात, पण एकदा तारीख कळली की जेलचं रेकॉर्ड मागायला जोर येतो.

अर्ज करताना "माझ्या पूर्वजांची माहिती द्या" असं लिहू नका, कारकून तो अर्ज बाजूला ठेवतो, हा अनुभव मी एका कार्यालयात घेतलाय. गाव, वर्षं, कागदाचा प्रकार असं तिन्ही लिहा आणि नक्कल मागा.

काळोखेवाट:

वाचत होतो, एक भर घालतो. इथं सगळी चर्चा खातेदार, कूळ, भावकी ह्यांची झाली. त्याच खोऱ्यात कातकरी होते, धनगरवाडे होते डोंगराच्या सोंडांवर. त्यांचं नाव ना निवाड्यात ना वतनात. जमीन नाही म्हणून भरपाई नाही, आणि भरपाई नाही म्हणून विस्थापित म्हणूनसुद्धा मोजदाद नाही. कातकऱ्यांचं सगळं पोट नदीवर नि रानावर, मासे, खेकडे, कंद, कोळसा पाडायचं काम. नदीचं तळं झालं तेव्हा त्यांचं काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही. ताई, तुम्ही जत्रेला गेलात तर देवळाबाहेरच्या माणसांशी पण बोला, खेकडे विकायला बसलेल्या म्हातारीला जुन्या वाड्यांची नावं पाटलापेक्षा जास्त माहीत असतात.

पौडकर_पाटील:

हे बरोबर बोललास गड्या. आमच्याकडं उन्हाळ्यात तळं आटतं तेव्हा जुनी जोती, बांध उघडे पडतात, आणि कुठलं जोतं कुणाचं हे दाखवणारा माणूस बरेचदा कातकरीच असतो, कारण मासे धरायला तो वर्षभर तिथंच असतो. ताई, एप्रिलच्या शेवटाला किंवा मे मध्ये या, पाऊस लागायच्या आधी. होडी बघून ठेवतो. आत्याला चालवत असेल तर तिलाही आणा, आणि पालीच्या पाहुण्यांना आधी फोन करा, पणजीच्या भावकीतलं कुणी घाट चढून यायला तयार असेल तर एकाच दिवशी दोन्ही बाजूची बोलणी होतील.

कुंडलिकाकाठ:

पालीकडच्या गावाचं नाव मला मेसेजमध्ये टाका, तिकडं माझ्या मेहुण्याचं जाणं-येणं असतं, तो विचारून सांगेल.